मुले निरुत्तर होतील

काकू अध्यापक विद्यालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांना शिकवता येत होतं, आणि तीच त्यांची मोठी अडचण झाली. बाकीच्या मुलींना काहीच येत नव्हतं. त्यांच्या पाट्या कोऱ्या होत्या, सर जे लिहीत ते उमटत असे. काकूंच्या पाटीवर मात्र बारा वर्षांचं गिचमीड होतं आणि ते पुसता पुसता विद्यालयाच्या नाकी नऊ आले होते.

वय छत्तीस. वर्गातल्या इतर मुली अठरा-एकोणीसच्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी कुणीतरी 'काकू' अशी हाक मारली आणि ती चिकटली. दगडखाणीच्या वस्तीवरची शाळा त्यांनी एकटीने चालवली होती. नवरा खाणीवर मुकादम होता, तो वारल्यावर खाणवाल्यांनी "वाचता-लिहिता येतं ना? मग बसा शाळेत," म्हणून किल्ली हातात दिली होती. एका खोलीत चार इयत्ता, एकेचाळीस मुलं, एक फळा आणि दगडाचा भुगा. त्या भुग्यातून मुलं लिहायला-वाचायला शिकून बाहेर पडत होती. मग वरून कागद आला की सर्टिफिकेट नसलेल्या शिक्षकांना यापुढे कामावर ठेवता येणार नाही. काकूंनी ट्रंक भरली आणि सासूबाईंना वस्तीवर एकटं ठेवून विद्यालयाच्या वसतिगृहात येऊन राहिल्या.

वर्षभराचा कोर्स. लेखी पेपरांत त्या पहिल्याच वर्षी पास झाल्या. शेवटच्या पाठात, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांसमोर खऱ्या मुलांचा वर्ग घेऊन दाखवायचा असतो त्यात, नापास झाल्या. नियमाने दोनदाच बसता येत होतं. आता हे दुसरं वर्ष. सासूबाईंनी शेजारणीकडून पत्र लिहवून घेतलं होतं: "नापास झालीस तर तोंड दाखवू नकोस असं मी काही म्हणणार नाही. तोंड दाखव. पण खोली शाळेची आहे, ती सोडायला सांगतील. मग आपण दोघींनी जायचं कुठं, तेवढं ये तेव्हा ठरवून ये."

काकू हे पत्र टाचणवहीत ठेवत. टाचणवही म्हणजे पाठाची आखणी लिहायची वही, आणि विद्यालयात जीव गेला तरी चालेल पण टाचण जायला नको, अशी पद्धत होती.

ही पद्धत पायरीसरांची. शिकवण्याच्या पाच पायऱ्या असतात आणि माणसाने त्या क्रमाने चढाव्यात, असं ते पंचवीस वर्षं सांगत आले होते, म्हणून हे नाव. स्वतः त्यांनी मुलांचा वर्ग शेवटचा कधी घेतला होता ते कुणालाच आठवत नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायचं काम ते मनापासून करत. त्यांचा सगळा जीव पहिल्या पायरीवर, म्हणजे प्रस्तावनेवर होता. आज काय शिकायचं ते बाईंनी सरळ सांगायचं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. चार प्रश्न विचारायचे. पहिल्या तिन्हींची उत्तरं मुलांना आलीच पाहिजेत. चौथ्याचं येताच कामा नये. चौथ्या प्रश्नापुढे टाचणात कंसात लिहायचं असे: 'मुले निरुत्तर होतील'. मुलं निरुत्तर झाली, की अज्ञानाची जाणीव झाली. जाणीव झाली, की जिज्ञासा जागी झाली. मग बाईंनी मागे वळून फळ्यावर पाठाचं नाव लिहायचं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर एखाद्या मुलाने देऊन टाकलं तर पाठ पहिल्याच पायरीवर पाय घसरून पडला, असा हिशेब होता.

गेल्या वर्षी काकूंचा पाठ तसाच पडला होता. कुणीतरी चौथ्याचं अर्धवट उत्तर दिलं आणि काकूंनी खूश होऊन "बरं, पुढे?" असं विचारलं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं: 'बाईंचा वर्गावर ताबा नाही. मुले विचार करतात.' दुसरं वाक्य बहुधा त्यांनी घाईत लिहिलं असावं.

विद्यालयाला जोडून एक प्राथमिक शाळा होती. सराव पाठ तिथेच व्हायचे. त्या शाळेतली मुलं म्हणजे मुरलेली मंडळी. चौथीच्या वर्गाने 'पाण्याची वाफ होणे' हा एकच पाठ वर्षभरात एकवीस जणींकडून ऐकला होता. एखादी नवखी शिकाऊ बाई प्रश्न विसरली तर पहिल्या बाकावरून हळूच पुढचा प्रश्न यायचा. चूक दुरुस्त करून दाखवायची असेल तर कोण चुकणार, हे त्यांचं ठरलेलं होतं. त्यासाठी एक गोल चेहऱ्याचा मुलगा होता आणि तो फार सुंदर चुकायचा. आणि चौथ्या प्रश्नाला सगळा वर्ग असा काही निरुत्तर व्हायचा की बघणाऱ्याला गहिवरून यावं. एकतीस तोंडं किंचित उघडी, भुवया वर, काही जण तर कपाळावर बोट ठेवायचे. हे सगळं बसवलं होतं वर्गाच्या मॉनिटरने. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या आणि पायरीसरांपेक्षा कडक शिस्त.

काकूंच्या सराव पाठाच्या आठच दिवस आधी या वर्गात दुसऱ्या शाळेतून एक नवी मुलगी आली. तिची आई इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होती आणि मायलेकी तिथेच मागच्या खोलीत राहत. ती शेवटच्या बाकावर बसायची आणि तिला या घराण्याच्या रीती अजून कुणी सांगितल्या नव्हत्या.

काकूंनी टाचणाप्रमाणे सुरुवात केली. पायरीसर मागे वही घेऊन बसले होते.

"धुतलेले कपडे कसे असतात?"

"ओले!"

"ओले म्हणजे त्यांत काय असतं?"

"पाणी!"

"दोरीवर टाकले की काय होतं?"

"वाळतात!"

"मग त्यांतलं पाणी गेलं कुठं?"

एकतीस मुलं निरुत्तर झाली. शेवटच्या बाकावरचा एक हात वर गेला.

आता इथे काकूंनी तो हात पाहायचाच नव्हता. पण बारा वर्षांची खोड! "सांग गं," त्या म्हणाल्या.

"भिंतीवर जातं, बाई."

वर्ग हसला. मुलगी गोरीमोरी झाली, तरी बोलत राहिली. "खरंच. थंडीत आमच्याकडे खोलीत शेगडी पेटवतात नि दारं लावून चादरी टाकतात. चादरी सुकतात नि भिंत ओली होते. तिला घाम येतो. मग आई फडक्याने पुसते नि फडकं बादलीत पिळते. अर्धी बादली निघते."

काकूंच्या हातातला खडू तसाच राहिला. बारा वर्षांत इतकं चांगलं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. "चादरीतलं पाणी भिंतीवर पोचलं कसं मग? चालत गेलं का?" त्यांनी विचारलं. आणि झालं, पाठ पायऱ्यांवरून उतरून अंगणात पळाला. कुणी म्हणालं उडत गेलं, कुणी म्हणालं मग दिसलं का नाही. काकूंनी सगळ्यांना खिडकीशी नेऊन काचेवर तोंडाने 'हाऽ' करायला लावलं. सुंदर चुकणारा मुलगा काचेवरचं धुकं बोटाने पुसत म्हणाला, "बाई, हे माझ्या पोटातलं पाणी आहे का?" आणि पहिल्यांदाच ठरवून चुकला नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं खिडकीला चिकटलेली होती. मॉनिटर तेवढी जाग्यावर बसून राहिली होती आणि काकूंकडे, पाटावरून पडलेल्या बाळाकडे बघावं तशी बघत होती.

पायरीसरांनी शांतपणे वही मिटली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. "काकू," ते म्हणाले, "प्रस्तावना अकरा मिनिटं लांबली. नमनालाच घडाभर तेल. त्या मुलीला उत्तर येत होतं, तर तुम्ही तिला विचारलंत कशाला?"

"उत्तर यावं म्हणूनच विचारतो ना, सर?"

"पहिले तीन. चौथा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "परीक्षेत असं झालं तर मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही हो."

परीक्षेच्या पाठांच्या चिठ्ठ्या निघाल्या. काकूंना चौथी आली आणि पाठ आला 'पाण्याची वाफ होणे'. परीक्षेचा पाठ वर्गाने आधी ऐकलेला नसावा, तसं आढळल्यास परीक्षा रद्द, असं नियमांच्या कागदावर ठळक छापलं होतं. चौथीचा वर्ग एकच आणि पाठ मोजून सहा, त्यामुळे हा नियम सगळ्यांनी मिळून दर वर्षी मोडायचा आणि कुणी त्याबद्दल ब्र काढायचा नाही, अशी रीत होती.

"नशीब काढलंत काकू!" वसतिगृहातली त्यांच्या खोलीतली सोबतीण म्हणाली. तिला सगळ्या टाचणी म्हणत; अंगाने तशी आणि टाचणं कायम पूर्ण. "बसलेला पाठ आलाय. फक्त त्या लॉन्ड्रीवालीचं काहीतरी करा. प्रस्तावनेच्या वेळी खडू आणायला पाठवा तिला."

"आणि खडू घेऊन ती परत आली म्हणजे?"

"तोवर तुम्ही दुसऱ्या पायरीवर! तिथे उत्तरं चालतात."

काकू हसल्या, पण रात्रभर नाही म्हटलं तरी सासूबाईंचं पत्र डोक्यात फिरत राहिलं. आपण दोघींनी जायचं कुठं? याही प्रश्नाला मुलं निरुत्तरच होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मॉनिटर त्यांना व्हरांड्यात गाठून उभी राहिली. "बाई, तुम्ही काळजी करू नका. तिला आम्ही समजावतो."

"काय समजावता?"

"चौथ्याला गप्प. नाहीतर आम्ही तिच्याशी बोलणार नाही." मग जरा मायेने म्हणाली, "गेल्या वर्षीच्या बाई रडल्या होत्या, तेव्हापासून आम्ही सांभाळूनच घेतो."

काकूंना हे काही पटलं नाही. नऊ वर्षांच्या पोरींनी एकीला वाळीत टाकायचं, तेही आपल्या सर्टिफिकेटापायी! त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून त्या मुलीला शोधत नळापाशी गेल्या. ती ओंजळीने पाणी पीत होती.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "उद्या मी परत तोच पाठ घेणार आहे. चौथा प्रश्न विचारीन तेव्हा तू हात वर करू नकोस हं."

"का, बाई?"

"असंच."

"पण येत असेल तर हात वर करायचा ना? तुम्हीच म्हणालात त्या दिवशी."

म्हणाल्या होत्या खऱ्या. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला पायरीसर दिसले, सोबत ठेंगणे परीक्षक, वर्ग बघायला आलेले. दोघे इकडेच येत होते. आता या मुलीला काय सांगायचं? पायऱ्या, जिज्ञासा, कंस, खाणवाले, सासूबाई? अर्ध्या मिनिटात यातलं काय सांगून होणार होतं? खोटं मात्र अर्ध्या मिनिटात बसत होतं.

"कारण ते चुकलं होतं," काकू म्हणाल्या. "भिंतीचं. चूक होतं ते."

मुलीने हाताचं पाणी फ्रॉकला पुसलं. "बरं," ती म्हणाली. तिने मुळीच हट्ट केला नाही. तिने हट्ट केला असता तर काकूंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशीचा पाठ विद्यालयाच्या इतिहासात नोंद व्हावी असा झाला. ओले, पाणी, वाळतात. चौथ्या प्रश्नाला बत्तीसच्या बत्तीस मुलं निरुत्तर झाली. काकूंनी वळून फळ्यावर पाठाचं नाव लिहिलं, ओळ सरळ आली. सुंदर चुकणारा मुलगा तिसऱ्या पायरीवर ठरल्याप्रमाणे चुकला. पायरीसर दाराशी उभे होते आणि त्यांचे ओठ काकूंच्या प्रश्नांबरोबर हलत होते. परीक्षकांचे डोळे अर्धे मिटलेले. गावोगावच्या परीक्षा धरून त्या आठवड्यात हा त्यांचा वाफेचा चौदावा पाठ होता.

पाचवी पायरी संपली तशी ते डोळे उघडून उठले. "बाई, तुमची हरकत नसेल तर वर्गाला मी एक विचारू? पाठातलं नाही. आपलं असंच."

"विचारा ना, सर."

"मुलांनो, आज सगळ्यांनी मला कपडे उन्हात वाळवून दाखवले. समजा ऊन नाही. थंडी आहे, दारं-खिडक्या बंद, आणि खोलीत ओल्या चादरी टाकल्यात. तर ते पाणी परत कुठं दिसेल? पाहिलंय कुणी?"

वर्गात खरी शांतता झाली. आधीच्या आणि या शांततेत फरक होता आणि तो काकूंना ऐकू आला. मॉनिटर, जी पाठ चालू असताना कधी मान वळवत नसे, तिने मागे वळून पाहिलं.

शेवटच्या बाकावरची मुलगी परीक्षकांकडे बघतच नव्हती. ती काकूंकडे बघत होती. हात बाकावर होते, दोन्ही.

काकूंना एवढंच म्हणायचं होतं: सांग, त्या दिवशी सांगितलंस ते सांग, तुझं बरोबर होतं. एक वाक्य. पण 'त्या दिवशी' म्हटलं की परीक्षक विचारणार, कुठल्या दिवशी? मग कागदावरचा ठळक नियम, मग रद्द. नुसतं मान हलवून खुणावलं असतं तरी चाललं असतं, हे त्यांना पुढे कितीतरी वेळा वाटलं. त्या क्षणी त्यांनी डस्टर उचललं आणि पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतला.

"हं," परीक्षक म्हणाले. "इथवर कुणी पोचत नाही. चालायचंच." त्यांचा चेहरा जरा उतरला आणि ते लिहायला बसले.

काकू पहिल्या वर्गात पास झाल्या. टाचणीने त्यांना मिठी मारून उचलायचा प्रयत्न केला. पायरीसरांनी परीक्षकांचा शेरा सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवला: 'प्रस्तावना आदर्श. अखेरच्या प्रश्नाच्या वेळी वर्ग निरुत्तर असतानाही उत्तर सुचवण्याचा मोह बाईंनी टाळला, हे विशेष.' आणि म्हणाले, "बघा, दुसऱ्या वर्षी माणूस कुठल्या कुठे जातो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या, त्याशिवाय हातांचं करायचं काय ते कळेना.

निघायच्या दिवशी त्यांनी ट्रंक मोटरस्टँडवर ठेवली, सर्टिफिकेट पिशवीत घातलं आणि इस्पितळाच्या मागे लॉन्ड्रीत गेल्या. थंडीचे दिवस होते. मागच्या खोलीचं दार ढकललं तर आत शेगडी पेटलेली, दोऱ्यांवर चादरींच्या रांगा, आणि समोरच्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ खाली येत होते. दंडांनी भक्कम अशी एक बाई फडक्याने ते पुसत होती. मुलगी बादलीपाशी बसून पाटीवर अक्षर गिरवत होती. काकूंना बघून ती चटकन उभी राहिली.

"अगंबाई, तुम्ही!" आई म्हणाली. "पास झालात म्हणे. पोरगी घरी येऊन नाचली."

"तिच्याशीच बोलायला आले," काकू म्हणाल्या. "परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं ना, पाणी भिंतीवर जातं हे चूक आहे म्हणून..."

"सांगितलं तिने मला. मी म्हटलं, बाईंनी चूक म्हटलं तर चूकच असणार. लॉन्ड्रीतलं काहीबाही शाळेत बरळत जाऊ नकोस, म्हटलं. माझंच चुकलं, मीच तिला लहानपणापासून तसं सांगत आले."

"अहो, पण चूक नाही ते. अगदी बरोबर आहे. ही भिंत बघा ना!"

"बघतेय की. वीस वर्षं बघतेय." तिने फडकं बादलीत पिळलं, धार बराच वेळ लागली. "पण बाई, बघणं वेगळं नि बरोबर असणं वेगळं. आम्हाला आपलं दिसतं तेवढंच."

काकूंनी मग काही हातचं राखलं नाही. "मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "परीक्षेला भ्याले. नोकरी जाईल म्हणून भ्याले आणि तुमच्या मुलीला खोटं सांगितलं."

आईचे डोळे भरून आले. "ऐकलंस?" ती मुलीला म्हणाली. "किती मोठं मन! तुला वाईट वाटू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतायत. एवढ्या सर्टिफिकेटवाल्या बाई, त्या कशाला खोटं सांगतील?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या ओल्या फरशीवर मुलीसमोर उकिडव्या बसल्या. मोटर सुटायला दहा मिनिटं होती. "तू सांग," त्या म्हणाल्या. "चादरीतलं पाणी कुठं गेलं? तुला येतंय. सांग."

मुलीने भिंतीकडे पाहिलं. मग आईकडे, मग काकूंकडे. तिने हात पाठीमागे बांधले, भुवया वर केल्या आणि तोंड किंचित उघडलं.

"तुम्हीच सांगा, बाई," ती म्हणाली.